पयत्या पाण्याच्या मॅडम

मुलाखतीत मॅडमनी मला एकच प्रश्न विचारला. "तुले पावसात भिजता येते का?"

मी मार्कशीटांची फाईल मांडीवर धरून बसले होते. रात्रभर रसायनशास्त्राची उजळणी केली होती, त्यात हा प्रश्न कुठेच नव्हता. शेजारी बसलेल्या विभागप्रमुखांनी घसा खाकरला. मी म्हणाले, "येतं की. भिजायला काय यावं लागतं?"

"लागते. लोक छत्री आपल्या डोक्यावर धरतात. आपल्या कामात छत्री बाटलीवर धरा लागते, आन माणसानं भिजा लागते. जमन?"

मी "हाव" म्हणाले. मलकापूरची मुलगी, घरी कापडाचं दुकान, बाहेर शिकून आलेली. मुलाखतीत 'हो' म्हणायचं ठरवून आले होते आणि तोंडातून 'हाव' निघालं. बहुतेक त्या 'हाव'वरच माझी निवड झाली.

कॉलेजच्या संशोधन प्रकल्पावरचं काम असं होतं. शेतकरी वावरात तणनाशक मारतो. त्यानंतर जोराचा पाऊस आला की वावरातून पाणी वाहतं, आणि त्याच्याबरोबर थोडं औषधही निघतं. ते किती निघतं, नाल्यात किती जातं, विहिरीपर्यंत किती पोचतं, हे आम्ही मोजायचो. सरकारी कागदावर ह्या पाण्याला 'अपधाव' म्हणतात. मॅडमना त्या शब्दाचा मनस्वी राग. "अपधाव म्हंजे काय? पानी वावरातून पयते. मंग पयतं पानी म्हना ना. ज्याचं पानी हाय त्यालेच समजलं नाही, तं तो शब्द काय चाटाचा हाय?" त्यामुळे तालुकाभर त्यांचं नाव पडलं ते 'पयत्या पाण्याच्या मॅडम', पयतं म्हणजे पळतं. खरं नाव फक्त कॉलेजच्या हजेरीपुरतं उरलं होतं.

मॅडम मूळच्या दुसरबीडकडच्या. तिकडची बोली आमच्यापेक्षा निराळी, जालन्याकडे झुकलेली. पण नोकरीची सगळी वर्षं बुलढाण्यात गेल्याने तोंडात पक्की वऱ्हाडी बसली होती, बायकांनीही 'मी येतो, मी पाह्यतो' म्हणायची, आणि ती त्या कुठेही सोडत नसत. एकदा पुण्याला परिषदेत त्यांनी निबंध वाचला. वाचला इंग्रजीत, पण नंतरच्या प्रश्नांना उत्तरं दिली आपल्या भाषेत. मागच्या रांगेत कुणीतरी हसलं. मॅडम थांबल्या, चष्मा वर केला आणि म्हणाल्या, "हासा, हासा. पन आकडा लिहून घ्या. आकडा पुण्याच्या बोलीत बी तेवढाच राह्यते."

दिसायला बुटक्या आणि रुंद. साडी घोट्याच्या वर खोचलेली, पायात पुरुषांचे काळे गमबूट, अंगावर कुणा मोठ्या माणसाच्या मापाचा रेनकोट. स्कूटरवर मागे लाकडी पेटी बांधलेली, पेटीत गवताच्या काडात ठेवलेल्या तपकिरी काचेच्या बाटल्या. उन्हाने औषधाचा नाश होतो म्हणून बाटल्या तपकिरी. आता हे पोलिसांना कोण सांगणार? घाटाच्या नाक्यावर एका नव्या शिपायाने आम्हाला अडवलं.

"काय हाये पेटीत?"

"पानी."

"दारूवाले बी पानीच म्हनतात, बाई. उघडा एक."

मॅडमनी स्कूटर स्टँडवर लावली आणि शांतपणे त्याच्याकडे पाहिलं. "उघडतो. पन ह्या पावसाचं पानी खराब झालं तं दुसरा पाऊस तुमाले पाडून द्या लागन. तसं लिहून द्या, मंग उघडतो."

शिपायाने एकदा आभाळाकडे पाहिलं आणि फाटक वर केलं.

प्रयोगशाळेत त्यांचे नियम देवघरापेक्षा कडक. अत्तर बंद, गजरा बंद, मच्छरचं मलम बंद. भांडं विसळायचं ते तीनदा, आणि ही सवय इतकी मुरलेली की टपरीवरचा चहाचा कपसुद्धा त्या तीनदा विसळायच्या. टपरीवाला वैतागून म्हणायचा, "मॅडम, तुमच्या विसळन्यात माह्या चहापेक्षा जास्त पानी जाते." 'साधारण', 'जवळपास', 'असेल बहुतेक' हे शब्द मी त्यांच्यासमोर वर्षभरात विसरून गेले. मोजायचं यंत्र औषध सापडलं की पडद्यावर एक उंच टोक काढतं. इंग्रजीत त्याला जे म्हणतात ते मराठीत 'पीक'च ऐकू येतं. मॅडम त्यावर दरवर्षी नव्या विद्यार्थ्यांसमोर तोच विनोद करायच्या. "हे एकच पीक असं हाय का जे उगवलं तं शेतकऱ्यालेबी नको, आपल्यालेबी नको." आणि स्वतःच सगळ्यात आधी हसायच्या.

तणांवर त्यांचं प्रेम होतं. केना, लव्हाळा, तरोटा, हरळी, सगळ्यांना नावानिशी ओळखायच्या. विभागाच्या पायऱ्यांवर कुंड्यांत त्यांनी केना लावला होता. कॉलेजच्या नव्या शिपायाने तो रानटी समजून उपटला आणि तिथे शेवंती लावली. मॅडम त्याच्याशी कित्येक दिवस बोलल्या नाहीत. फक्त येता जाता शेवंतीकडे बघून "कोन बाई तू?" असं विचारायच्या.

हे सगळं बघून लोकांना वाटे, बाई तणनाशकाच्या विरोधात आहेत. एकदा शहरातले काही कार्यकर्ते त्यांना सभेला बोलवायला आले. 'विषमुक्त शेती' असं काहीतरी होतं. मॅडमनी त्यांना चहा दिला, विसळलेल्या कपात, आणि म्हणाल्या, "माही माय दुसऱ्याच्या वावरात गवत निंदाले जाये. मोसमभर वाकून. म्हातारपनी तिची कंबर सरळ झालीच नाही, तशीच वाकलेली गेली ती. गवताच्या औषधाले शिव्या द्याच्या असन तं आधी एक दिवस वाकून निंदा, मंग मी येतो सभेले."

"मग तुम्ही औषधाच्या बाजूच्या का?" एकाने विचारलं.

"बाजू कायची? वावरात हाय तोवर ते औषध. वावर सोडून पयालं, का मंग ते काय हाय, ते कोनीतरी पाह्याले पायजे का नाही? मी ते पाह्यतो."

अशी ही बाई. आता तिच्या आयुष्यातली जी गोष्ट मी पाहिली, ती सांगते.

मोताळ्याच्या पलीकडच्या एका गावातून सुभद्राबाई नावाची बाई एसटीने आमच्या कॉलेजात आली. डोक्यावर रोपांचा ट्रे. नवरा एसटीतच चालक, शेती तीच बघायची. नाल्याकाठी तिचा वांगी-टमाट्याच्या रोपांचा वाफा होता. रोपं वाढवून ती मोताळ्याच्या बाजारात विकायची. पाऊस झाल्यावर तिने नाल्याचं पाणी रोपांना दिलं आणि रोपं बसली. पानं कडेपासून पिवळी, मग करपलेली.

"वरच्या अंगाले माह्या चुलतदिराचा मका हाय," ती म्हणाली. "गजाननभाऊ. त्यानं औषध मारलं आन पाऊस आला. माह्या रोपाचा सत्यानाश त्यानंच केला. तुमी फक्त लिहून द्या."

मॅडमनी पान उजेडात धरलं. मक्यावर मारायच्या औषधाने कोवळ्या रोपांची अशीच दशा होते, हे मलाही दिसत होतं. पण त्या म्हणाल्या, "पान काय म्हनते ते म्या आयकलं. पन पानाच्या एकट्याच्या साक्षीवर मी कोनाचं नाव घेत नाही. पानी पाह्यतो."

पुढचा पाऊस आला तेव्हा नेमकी स्कूटर चिखलात बसली. पाऊस ओसरायच्या आत नाल्यावर पोचायला हवं होतं. रस्त्यावर सुभद्राबाईचा भाऊ आपला टेम्पो घेऊन उभा होता. मॅडमचा नियम होता की शेतमालाच्या गाडीत पेटी ठेवायची नाही. त्या दिवशी त्यांनी तो मोडला. "चाल, टाक पेटी. पानी पयून चाललं."

मक्याच्या धुऱ्यापाशी, म्हणजे बांधापाशी, पाणी वावरातून नाल्यात पडत होतं तिथे आम्ही बाटल्या भरल्या. मग सुभद्राबाईच्या वाफ्यापाशी, मग वस्तीच्या विहिरीवर. सोबत एक 'कोरी बाटली' होती. ही कोरी म्हणजे प्रयोगशाळेतलं शुद्ध पाणी भरलेली बाटली. ती शेतावर न्यायची, बाकीच्यांसारखी उघडायची, बंद करायची आणि त्यांच्याच पेटीतून परत आणायची. मोजल्यावर तिच्यात काही निघता कामा नये. निघालं तर ते वावरातलं नाही, आपल्याच हाताला किंवा पेटीला लागलेलं.

यंत्रावर आधी नाल्याच्या बाटल्या लागल्या. पडद्यावर मक्याच्या औषधाची टोकं सरसर उभी राहिली. कोरी लावायच्या आधी वीज गेली, ती दुसऱ्या दिवशीही आली नाही. आणि सरपंचांनी तर बैठक बोलावून ठेवली होती. ग्रामपंचायतीच्या ओट्यावर अर्धं गाव. सगळ्यांनी मॅडमकडे पाहिलं.

"हाय का औषध पान्यात?" सरपंचांनी विचारलं.

"हाव. हाय," मॅडम म्हणाल्या. खात्रीने म्हणाल्या. आवाजात कसलीही अडखळ नव्हती.

गजाननभाऊ कोपऱ्यात उभे होते. उंच, हाडकुळा माणूस. त्यांनी टोपी काढली, पुन्हा घातली आणि ते निघून गेले. दुसऱ्या दिवशी सुभद्राबाईने आपल्या वावरातून जाणारी त्यांची गाडीवाट काटे टाकून बंद केली. त्यांच्या गोठ्यातलं दूध घ्यायला येणाऱ्या बायका यायच्या थांबल्या. विहिरीवर त्यांच्या सुनेला कुणीतरी बोललं, "तुमीच पाजा आता गावाले इख."

वीज आली तेव्हा मी कोरी बाटली यंत्रावर लावली. मॅडम पाठीमागे उभ्या होत्या. रेघ सपाट जायला हवी होती, आणि ती जाता जाता वर उठली. त्याच जागी, त्याच औषधाचं टोक.

मॅडमनी पडद्याजवळ वाकून पाहिलं. मग खुर्ची ओढून बसल्या. "कोरी कोरी नाही," एवढंच म्हणाल्या.

त्याच दुपारी आम्ही एसटीने मोताळ्याला गेलो. टेम्पो बाजारात उभा होता. मॅडमनी मालकाची परवानगी घेतली, मागच्या फळ्यांवरून ओला कापूस फिरवला, कापूस बाटलीत घातला. मालकाला विचारलं तेव्हा त्याने सरळ सांगितलं: मलकापूरहून मक्याच्या औषधाच्या पुड्या आणल्या होत्या, एक फाटली होती, पावडर झाडून टाकली होती. कापसाचं पाणी यंत्रावर लावलं तर टोक पडद्याच्या बाहेर गेलं. ती पावडर पेटीला लागली होती, पेटीवरून आमच्या हाताला, हातावरून बाटल्यांत.

विभागप्रमुख समजूतदार माणूस. ते म्हणाले, "मॅडम, नाल्यातही औषध असणारच. पुढच्या पावसात पुन्हा नमुने घ्या. तोवर गावात सांगायची काय गरज? प्रकल्पाचं नाव जाईल."

"पुढचा पाऊस यील तवा यील," मॅडम म्हणाल्या. "गजाननभाऊची वाट आज बंद हाय."

त्यांनी सरपंचांना फोन केला: तीच माणसं, तोच ओटा. एसटीने घाट उतरताना त्या खिडकीबाहेर बघत होत्या आणि गमबुटांच्या टाचांची टकटक चालली होती. मला वाटलं, कुठून सुरुवात करायची त्याची जुळवाजुळव चाललीय. पण ओट्यावर गेल्यावर त्यांनी कसलीही प्रस्तावना केली नाही.

"परवा म्या म्हनलं औषध हाय. ते मी मांगं घेतो. माह्या पेटीले पावडर लागली होती. चूक माही हाय. टेम्पोत पेटी ठेवाची नाही हा माहाच नियम, आन म्याच मोडला. गजाननभाऊच्या वावरातून औषध आलं का नाही, हे मले आज मालूम नाही."

एकच गलका उडाला. सुभद्राबाई उठून उभी राहिली. तिचे डोळे भरले होते, पण आवाज चढलेला. "मॅडम, मी तुमच्या भरोशावर बोलली गावासमोर! तुमी तं मले तोंडावर पाडलं."

"पाडलं," मॅडम म्हणाल्या. "तुमचं रोप जयलं हे खरं हाय, बाई. ते कोनी खोटं म्हनलं तं मी भांडन. पन काऊन जयलं, हे सांगाचं व्हतं मले, आन ते म्या मोजल्याबिगर सांगतलं."

मागून कुणी ओरडलं, "मंग कायच्या मोठ्या मॅडम? आमच्या गावात भांडनं लावून राह्यल्या!" मॅडमनी मान हलवली, जणू तो मुद्दाही त्यांना मान्य होता.

आता गजाननभाऊ बोलतील आणि मॅडमची धूळधाण होईल, असं मला वाटत होतं. ते पुढे आले. टोपी हातात होती. "पुन्हा मोजा," ते म्हणाले. "माह्या वावराच्या तोंडावरच मोजा. मी स्वता उभा राह्यतो. माहे नातू त्याच विहिरीचं पानी पितात. मलेबी मालूम पायजे."

मॅडमनी त्यांच्याकडे पाहिलं आणि दोन्ही हात जोडले. त्यांना मी कुणासमोर हात जोडताना तेव्हा एकदाच पाहिलं.

मग पावसाने ओढ दिली. मॅडमनी पेटी धुऊन, वाळवून, फॉईलमध्ये गुंडाळून टेबलावर ठेवली होती. वर्गात शिकवता शिकवता खिडकीशी जायच्या. एका दुपारी आभाळ दाटलं आणि त्यांनी मुलांना "बाकीचं घरी वाचा" म्हणून सोडलं. पेटी मांडीवर घेऊन आम्ही एसटीत बसलो. कंडक्टरने सामानाच्या जागेवर ठेवा म्हटलं, तर म्हणाल्या, "लेकराचं तिकीट पाह्यजे तं घ्या, पन मांडीवरच राह्यन."

नाल्यावर गजाननभाऊ आधीच उभे होते, गुडघाभर पाण्यात. पाऊस कोसळत होता. त्यांनी हातातली छत्री उघडली आणि कुणी न सांगता माझ्या बाटलीवर धरली. स्वतः पागोळीखाली उभं राहिल्यासारखे भिजत होते. पलीकडच्या काठावर सुभद्राबाई उभी होती. दिराशी बोलली नाही. पण आम्ही वाफ्यापाशी आलो तेव्हा तिने आधी आपले हात धुतले, मगच बाटलीचं झाकण धरायला पुढे केले. ह्या वेळी मॅडमनी आणखी एका ठिकाणचं पाणी घेतलं: गजाननभाऊंच्या वावराच्याही वर, जिथे नाला त्यांच्या हद्दीत शिरतो तिथलं.

कोरी बाटली कोरीच निघाली. रेघ सपाट गेली तेव्हा मॅडमनी पडद्यावर हळूच थोपटलं.

तिसऱ्या बैठकीला आधीच्या दोन्हींपेक्षा जास्त लोक आले. मॅडमनी भिंतीवर खडूने नाला काढला. "गजाननभाऊच्या वावरातून औषध येते. हाव. ते नाल्यातून रोपाच्या वाफ्यात आलं, हेबी खरं. पन त्याहिच्या वावराच्या वरबी नाल्यात औषध हाय." खडू वर सरकला. "म्हंजे ते पानी वरूनच घेऊन येते. वरती कोनाकोनाचे वावर हाये, ते तुमाले माह्यापेक्षा जास्त मालूम."

ओट्यावरचे सगळ्यात मोठ्याने बोलणारे दोघे-तिघे एकदम खाली बघायला लागले. वरची वावरं त्यांचीच होती.

"आन विहीर?" गजाननभाऊंनी विचारलं.

"विहिरीत थोडं हाय."

"मंग पानी प्याव का नाही?" कुणीतरी म्हणालं, "मॅडम, तुमीच पिऊन दाखवा ना."

"मी पिली तं काय समजन? मी म्हातारी, मले उद्या काही झालं नाही तं तुमी म्हनसान पानी चांगलं हाय. लहान लेकराची गोष्ट हाय ही. शाळेच्या बोअरचं पानी म्या मोजलं, त्यात काही नाही. विहिरीचं साफ व्हयेस्तोवर ते प्या."

त्यानंतर गावाने जे केलं ते मॅडमनी सांगितलं म्हणून, पण केलं गावानेच. नाल्याच्या बाजूच्या धुऱ्यावर रुंद पट्टा नांगरायचा नाही, गवत वाढू द्यायचं, म्हणजे पाणी गवतात अडकून हळू उतरेल. पावसाची चिन्हं असली तर फवारणी पुढे ढकलायची. फवारणीचे पंप नाल्यात धुवायचे नाहीत. पहिला पट्टा गजाननभाऊंनी सोडला. वरच्यांनी कुरकुर केली. "गवत माराले औषध घेतो आन मॅडम म्हनतात गवत ठेवा" अशी थट्टा झाली. पण पट्टे राहिले. सुभद्राबाईने वाफ्याला नाल्याऐवजी आपल्या बोअरचं पाणी द्यायला सुरुवात केली. वाटेवरचे काटे कुणी उचलले हे कुणी सांगितलं नाही. एका सकाळी ते तिथे नव्हते आणि गजाननभाऊंची गाडी गेली.

पुढच्या पावसाळ्यात आम्ही पुन्हा मोजलं. औषधाचं प्रमाण उतरलं होतं. सरपंच खूश होऊन म्हणाले, "संपलं म्हना ना मॅडम आता." मॅडम म्हणाल्या, "कमी झालं. संपलं नाही. संपलं का मी स्वता पेढे घेऊन यीन."

प्रकल्प संपला, मी नाशिकला एका प्रयोगशाळेत लागले. तिथे यंत्रं नवी, खोल्या वातानुकूलित आणि पाणी आपोआप बाटलीत येतं. भिजावं लागत नाही. मॅडम निवृत्त झाल्या. दुसरबीडला घर असूनही पावसाळाभर मोताळ्यात खोली घेऊन राहतात असं ऐकत होते. जुन्या विद्यार्थ्यांकडून बाटल्या मोजून घेतात, त्यांना छळतात, हेही ऐकलं होतं.

मागच्या वर्षी माहेरी आले तेव्हा मुद्दाम मोताळ्याच्या बाजाराला गेले. सुभद्राबाई रोपांच्या जुड्या मांडून बसली होती, केस पांढरे झालेले, आवाज तसाच. आणि तिच्या शेजारी पोत्यावर, साडी खोचून, मॅडम. दोघी एकाच कागदातले फुटाणे खात होत्या. मला बघून मॅडम म्हणाल्या, "जाडी झाली वं पोरी," आणि फुटाणे पुढे केले.

तेवढ्यात एक गिऱ्हाईक आलं. रोपं चांगली आहेत का, कुठल्या पाण्यावरची, असं विचारू लागलं. सुभद्राबाई मोठ्या तोऱ्यात म्हणाली, "भाऊ, अख्ख्या बाजारात अशे भेटनार नाही. मोजलेल्या पान्यावरचे हायेत. औषधाचा कन नाही त्यात."

"मांगच्या मोसमात मोजलं व्हतं," मॅडम मध्येच म्हणाल्या. "ह्या मोसमाचं अजून मोजलं नाही."

सुभद्राबाईने कपाळावर हात मारला. "मॅडम, तुमी घरी जा बरं!"

गिऱ्हाईक हातातली जुडी खाली ठेवता ठेवता थांबलं. त्याने एकदा मॅडमकडे पाहिलं, एकदा सुभद्राबाईकडे. "जे नाही मोजलं ते नाही मोजलं म्हनतात ह्या," तो म्हणाला, "तं बाकीचं खरंच असन. द्या, वांग्याच्या दोन द्या."